मिटिंगला माणसं येतात, पण काम पुढे सरकत नाही. काय करावं?

रातराणी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी साचतं. पावसात साचायचंच, आता पाऊस नसतानाही गटाराचं पाणी वर येतं आणि शाळेत जाणारी मुलं भिंतीला चिकटून चालतात. त्यासाठी आम्ही रहिवाशांनी गट केला. मिटिंगला माणसं येतात हे मुद्दाम सांगते, कारण एरवी रड असते ती माणसंच येत नाहीत याची.

आमची अडचण त्याच्या पुढची आहे. मिटिंग सुरू झाली की ठरावीक दोघं-तिघंच बोलतात. ते वयाने मोठे आहेत, भागासाठी त्यांनी खरोखर खस्ता खाल्ल्यात, त्यामुळे त्यांना थांबवायला जीभ रेटत नाही. बाकीचे माना डोलावतात आणि घरी गेल्यावर ग्रुपवर मनातलं लिहितात. विषय पाण्यावरून पार्किंगवर जातो, पार्किंगवरून कुठल्यातरी जुन्या वर्गणीच्या हिशोबावर. शेवटी ‘पुढच्या वेळी ठरवू’ म्हणून सगळे उठतात. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून, कारण मागे काय ठरलं ते प्रत्येकाला वेगळंच आठवतं.

आता पुढची मिटिंग मी चालवायची आहे. काही जण म्हणतात, मिटिंगा बंद करा, चौघांची कमिटी नेमा आणि त्यांच्यावर सोपवा. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगा, सुरुवात कुठून करू?

जुनी_वही

ताई, माणसं येतायत म्हणजे सगळ्यात अवघड भाग तुम्ही पार केलाय. मी बरीच वर्षं वेगवेगळ्या गटांची चिटणीस होते. चिटणीसाला बोलायला कमी मिळतं, पण गाडी कुठे रुळावरून घसरली ते तिच्या वहीत स्पष्ट दिसतं.

बहुतेक वेळा ती अजेंड्यावरच घसरलेली असते. ‘गल्लीतील पाण्याची समस्या’ असं लिहून मिटिंग बोलावली, तर त्यावर कोणी काहीही बोललं तरी ते विषयाला धरूनच होतं. मग अडवणार कशाच्या आधारावर? विषय प्रश्नाच्या रूपात लिहा, आणि प्रश्न असा हवा की मिटिंग संपताना त्याचं उत्तर वहीत लिहिता आलं पाहिजे. ‘पाणी नेमकं कुठून वर येतं हे कोण शोधणार आणि कधीपर्यंत?’ एवढा छोटा चालेल. पार्किंगचा मुद्दा निघाला की भिंतीवर लावलेल्या वेगळ्या कागदावर तो सगळ्यांसमोर लिहून घ्या. माणूस तेच तेच बोलतो, कारण आपलं म्हणणं हरवेल अशी त्याला धास्ती असते. ते लिहिलेलं दिसलं की बहुतेक जण शांत होतात.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: बोलण्याआधी लिहायला लावा. प्रश्न वाचून दाखवा, प्रत्येकाला एकेक चिठ्ठी द्या आणि पाच-सात मिनिटं कोणीही बोलायचं नाही. सुरुवातीला लोक अवघडतात, एकमेकांकडे बघतात. तुम्ही स्वतः खाली मान घालून लिहायला लागा, म्हणजे तेही लागतात. मग एका टोकापासून प्रत्येकाने चिठ्ठीतला एकच मुद्दा वाचायचा. चिटणीसाने तो त्याच्याच शब्दांत मोठ्या कागदावर उतरवायचा, ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का’ करत बदलायचा नाही. कोणी टिप्पणी करायची नाही. मुद्दे संपेपर्यंत फेऱ्या चालू ठेवायच्या आणि चर्चा त्यानंतर. चर्चा झाली की प्रत्येकाने स्वतःला महत्त्वाचे वाटणारे तीन मुद्दे निवडून चिठ्ठीवर लिहून द्यायचे.

ही पद्धत माझी नाही. डेलबेक आणि व्हॅन द व्हेन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९७१ मध्ये ती मांडली. तिच्यामागचं कारण त्याहून जुनं आहे. एकत्र बसून भराभर कल्पना सुचवल्या की जास्त सुचतं, असा तेव्हा सर्वत्र समज होता. येल विद्यापीठात १९५८ मध्ये तो तपासला, तेव्हा उलटंच निघालं. चौघांच्या गटाला जेवढं सुचलं त्याच्या जवळपास दुप्पट वेगवेगळ्या कल्पना एकेकटे बसलेल्या चौघांच्या मिळून आल्या. एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबता थांबता सुचलेलं निसटतं.

पण माझा विश्वास बसला तो अभ्यासामुळे नव्हे. एका गटात रस्त्यावरच्या दिव्यांचा विषय होता. ‘दिवे बंद असतात’ यावर सगळ्यांचं एकमत होतं आणि चर्चा नवीन दिवे बसवून घेण्याच्या मागणीपर्यंत गेली होती. चिठ्ठ्या वाचायला घेतल्यावर मागे बसलेल्या एका बाईंच्या चिठ्ठीत निघालं, ‘दिवे संध्याकाळी लागतात, रात्री उशिरा बंद होतात.’ त्या रात्रपाळीला जायच्या, त्या वेळी तिथून जाणाऱ्या त्या एकट्याच. म्हणजे दिवे धड होते, चालू-बंद करण्याच्या वेळेत घोळ होता. आधीच्या मिटिंगांना त्या हजर होत्या, पण बोलल्या नव्हत्या, कारण सगळे एवढ्या खात्रीने बोलतायत तर आपलंच काही चुकत असेल असं त्यांना वाटलं. स्टॅसर आणि टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये प्रयोगातून हेच दाखवलं: गट सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवरच बोलत बसतो, एखाद्याकडेच असलेली माहिती आत राहून जाते. तुमच्या गल्लीतही पाणी पहिल्यांदा कुठे फुगतं हे कुणीतरी एकानेच पाहिलेलं असेल. ते माणूस बोलकं असेलच असं नाही.

खटपट्या

वहीताईंच्या बऱ्याचशा म्हणण्याशी सहमत, पण चिठ्ठीबद्दल शंका आहे. आमच्या वस्तीत निम्म्या लोकांना लिहायची सवय नाही. कागद पुढे केला की परीक्षेला बसवल्यासारखं वाटतं, आणि ज्यांचं ऐकायला हवं तीच माणसं पुढच्या वेळी येत नाहीत. आम्ही वेगळं केलं. पहिली बैठक खोलीत घेतलीच नाही, सगळे मिळून जागेवर गेलो आणि तिथेच उभं राहून बोललो. झाकण उघडल्यावर आत काय आहे ते दिसलं, तसे अर्धे वाद तिथेच मिटले.

दुसरं म्हणजे नुसतं ठरवून काम होत नाही. माक्सिमिलियां रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोरी ओढायला लावून जोर मोजला होता, १९१३ मध्ये ते छापून आलं. आठ जणांनी मिळून ओढली, तर प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढताना लागायचा त्याच्या निम्म्यावर आला. काही अंशी ताळमेळ बसत नाही म्हणून, आणि काही अंशी बाकीचे ओढतायतच म्हणून. त्यामुळे मी कमिटीच्या बाजूचा आहे. थोडी माणसं, ठरलेली जबाबदारी.

जुनी_वही

दादा, जागेवर जाण्याचं एकदम मान्य. ताई, मिटिंगच्या आधी ते कराच.

लिहिण्याबद्दलही तुमचं बरोबर आहे. जिथे लिहिणं जड जातं तिथे आम्ही जोड्या लावायचो. शेजारच्याला हळू आवाजात सांगायचं, मग फेरीत प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा मुद्दा मांडायचा. दुसऱ्याचं सांगताना माणूस कमी बुजतो, आणि ऐकून घ्यावंही लागतं. मात्र ‘आता जोडीत बोला’ म्हटल्यावर नवरा-बायको किंवा सासू-सून एका जोडीत येणार नाहीत हे बघा. घरातली भीड मिटिंगमध्येही तशीच राहते.

कमिटीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. कमिटीला काम द्यावं, निर्णय देऊ नये. गटार बघून येणं, अर्ज लिहिणं, पोच घेणं, पाठपुरावा, हे चौघांनी खुशाल करावं. पण उद्या ठरलं की गटारात राडारोडा टाकायचा नाही, तर तो नियम पाळायचाय सगळ्या गल्लीने. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामाईक जंगलं, कुरणं, पाटाचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या गटांचा अभ्यास केला आणि १९९० मध्ये तो मांडला. पुढे २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना जे गुण दिसले त्यातला एक असा, की नियम ज्यांना लागू होतात त्यांतल्या बहुतेकांना तो ठरवण्यात आणि बदलण्यात भाग घेता येतो. चौघांचा ठराव गल्लीला आपला वाटत नाही. ताई, तुम्हाला कमिटी का पटत नाही, त्याचं उत्तर मला तरी यात दिसतं.

आणि रिंगेलमानवर उपाय आहे वहीत. इतिवृत्त घरी जाऊन लिहू नका, तिथेच लिहा. लोक उठायच्या आधी मोठ्याने वाचा: काम काय, करणार कोण, कोणत्या तारखेपर्यंत. ‘कोण’ पुढे एकाच माणसाचं नाव हवं, मदतीला कितीही असोत. ज्याचं नाव वाचलं त्याने सगळ्यांसमोर ‘हो’ म्हणायला हवं. ‘सर्वांनी लक्ष घालावे’ असं वाक्य मी माझ्या वहीत लिहिलेलं आहे, आणि त्यातलं एकही काम झालेलं मला आठवत नाही. पुढची मिटिंग या यादीनेच सुरू करा.

तिसरा_मजला

ज्येष्ठांचा मुद्दा राहिला. थांबवायला जीभ रेटत नसेल तर ते काम नियमाला करू द्या. हेन्री रॉबर्ट नावाचा अमेरिकन सैन्यातला अभियंता होता. १८६३ मध्ये त्याला अचानक एका सभेचं अध्यक्षपद दिलं गेलं, सभा कशी चालवतात ते ठाऊक नव्हतं, आणि सभा हाताबाहेर गेली. मग त्याने अभ्यास करून १८७६ मध्ये सभेच्या नियमांचं पुस्तक काढलं, ते आजही वापरात आहे. त्यातला एक नियम तुमच्यासाठीच आहे: ज्याला बोलायचंय पण अजून बोललेला नाही असा कोणीही शिल्लक असेल, तोवर त्याच विषयावर दुसऱ्यांदा कोणी बोलायचं नाही. मिटिंगच्या सुरुवातीलाच सगळ्यांची संमती घेऊन हा नियम जाहीर करा. मग ‘काका, थांबा’ म्हणावं लागत नाही, ‘काका, दोघं बोलायचे राहिलेत, मग तुम्ही’ एवढंच म्हणायचं.

आधी त्यांच्या घरीही जाऊन या. या वेळी अशी पद्धत ठेवतोय हे समोर बसून सांगा आणि त्यांच्याकडेच असलेली माहिती मागा: जुनी लाइन कुठून जात होती, आधी कुठे आणि काय अर्ज केले होते. ते सांगण्यासाठी त्यांना सुरुवातीला वेगळा वेळ द्या. मान राहतो आणि गल्लीला उपयोगही होतो.

रातराणी

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांकडे उद्याच जाते. नोटीस अशी लिहिली आहे, बघून सांगा:

‘रविवारी सकाळी दहा वाजता सर्वांनी गल्लीच्या तोंडाशी जमायचे आहे. गटाराची पाहणी करून अकरा वाजता मिटिंग. विषय: पाणी कुठे तुंबते आणि त्याबद्दल काय करावे? प्रत्येकाला बोलण्याची संधी मिळेल. साडेबाराला मिटिंग संपेल.’

एक शंका आहे. शेवटी मत घ्यायचं की एकमत होईपर्यंत थांबायचं?

जुनी_वही

संपायची वेळ लिहिलीत ते फार चांगलं केलंत, घरची कामं टाकून येणाऱ्या बायकांना त्याने यायला धीर येतो. फक्त ‘काय करावे’ काढा. तिथे लिहा, ‘पाणी कुठे तुंबते, आणि येत्या महिन्यात त्यातले कोणते काम कोण करणार?’

मतदान घाईने घेऊ नका. आधी विचारा, ‘हे कोणाला अजिबात चालणार नाही?’ ‘मला हे आवडत नाही’ आणि ‘हे मला चालणार नाही’ यात फरक असतो. पहिलं असेल तर माणूस सोबत येतो. दुसरं असेल तर कारण विचारा, त्यात बहुतेकदा कामाची माहिती असते. तरीही अडलंच तर हात वर करून मत घ्या, आणि विरोधात असणाऱ्याचं कारण त्याच्या शब्दांत वहीत लिहून त्याला वाचून दाखवा. पाहणीला जाताना एक लांब काठी आणि टॉर्च न्या, आणि फोटो काढायचं काम त्या शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी कुणाला तरी द्या.