दादरला उन्हाळी फळं-भाज्या बघून कशा घ्यायच्या?

वऱ्हाडी_परळमध्ये:
नमस्कार मंडळी, लग्नानंतर अकोल्याहून परळला आलेय, मुंबईतला पहिलाच उन्हाळा. टरबूज, खरबूज, संत्री यातलं सगळं कळतं हो, पण दादर स्टेशनबाहेर गेलं की निम्म्या टोपल्यांत काय आहे तेच समजत नाही. जो तो देवगड म्हणतो, भाव प्रत्येकाचा वेगळा, आणि मागे घेतलेल्या पेटीत वरचे आंबे झकास नि खालचे हिरवेगार टणक. सासूबाई गावी गेल्यात, विचारायचं कोणाला? आंबा, ताडगोळे, जाम (ते पाणीदार फळ हो) कसे बघून घ्यायचे? आणि भाज्या पण सांगा, दुपारपर्यंत सगळं मलूल होतं.

गिरगावकर:
पेटीवरचं नाव वाचूच नका. छापील खोके कोणालाही मिळतात, कर्नाटकातला माल सर्रास भरतात त्यात. आणि देवगडच पाहिजे हा हट्ट कशाला, २०१८ मध्ये हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे, पालघर पण आहेत. आंबा हातात घ्या आणि देठापाशी वास घ्या. वासच नाही आणि रंग मात्र सगळीकडे एकसारखा पिवळाधमक, तर सरळ पुढच्या गाडीवर जा. साल जरा सुरकुतलेली असली तर घाबरू नका, तो चांगला तयार झालेला आंबा. साका, म्हणजे आतला पांढरट स्पंजासारखा गर, मात्र बाहेरून कुणाच्या बापाला कळत नाही, आंबेवाला कितीही शपथा घेऊ दे.

कच्चे निघालेले फ्रिजमध्ये टाकू नका, पेंढ्यात नाहीतर पेपरात आढी लावा आणि रोज उघडून बघा, एक नासला की शेजारचे घेऊन जातो.

वसईची_पोर:
ताडगोळे सकाळीच घ्यायचे, आमच्याकडच्या बायका टोपल्या घेऊन लोकलने येतात तेव्हा. बोटाने हलकं दाबून बघ, मऊ लागला आणि आत पाणी डुचमळतंय असं वाटलं की घे. कडक लागला म्हणजे जून झाला, चिवट लागतो आणि पोट दुखतं ते वेगळंच. साल नखाने ओढली की कधीकधी फुटतो आणि पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं, म्हणून आम्ही बेसिनपाशी उभं राहूनच खातो 😄 जाम घेताना डाग नसलेले बघ आणि पुरतील तेवढेच घे, ते टिकत नाहीत.

मावशी_लालबाग:
अगं भाजीला सकाळी आठच्या आत जायचं. मे महिन्यात मेथी-पालक विसर, माठ नि चवळी घे. शिराळं हातात घेतल्यावर लवलवलं पाहिजे. दुधीत नख रुतलं तर कोवळा, पण घरी आणल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून बघायचाच, कडू लागला तर अख्खा फेक, शिजवून कडूपणा जात नाही आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसं हॉस्पिटलात गेल्येत. फणसाची भाजी करायची तर कुयरी, म्हणजे कोवळा फणस, तिथेच सोलून घे, नाहीतर हाताला नि विळीला खोबरेल लाव, चीक साबणाने जात नाही. आणि अलिबागचा पांढरा कांदा माळेनेच घे नि खिडकीपाशी टांगून ठेव.

वऱ्हाडी_परळमध्ये:
वा, खूप खूप धन्यवाद! मावशी, अजून एक, आमरसाला हापूसच लागतो का? आमच्याकडे रस नि सरगुंडे (काडीवर गुंडाळून केलेला कणकेचा प्रकार) असा बेत असतो, बारा माणसं येणारेत.

मावशी_लालबाग:
बारा माणसांना हापूस? दिवाळं काढशील. पायरी घे, रस भरपूर निघतो, आंबटगोड लागतो.

गिरगावकर:
मावशी, असहमत. पायरीत थोडा तरी हापूस घाला, नुसत्या पायरीचा रस पातळ होतो. पण घाई नको, मे अर्धा सरला की हापूसचाही भाव उतरतो.

वसईची_पोर:
आणि करवंदं दिसली तर लगेच घे, आदिवासी बायका पानाच्या द्रोणात घेऊन बसतात. जांभळं पाऊस सुरू झाल्यावर पण मिळतील, करवंदं नाही थांबत. मिठाच्या पाण्यात धुवून खा.

वऱ्हाडी_परळमध्ये:
उद्या साडेसातला दादर. सरगुंड्यांची रेसिपी कुणाला पाहिजे का?

मावशी_लालबाग:
टाक टाक, फोटोसकट.