कानात सतत शिट्टी वाजतेय, कुणाला दाखवू? (कोल्हापूर)

प्रेसवाला
मंडळी, तीन आठवडे झाले, दोन्ही कानांत बारीक शिट्टी. दिवसा उद्यमनगरात मशीनच्या आवाजात कळत नाही. रात्री लाईट बंद केली की सुरू, शेजारच्या घरातला कुकर थांबायचं नावच घेत नाही असं वाटतं. वय ४३, वीस वर्षं पॉवर प्रेसजवळ काम. त्यात विसर्जनाला पापाच्या तिकटीला डॉल्बीपुढं तासभर उभा होतो. आई म्हणते लसणाचं तेल कोमट करून घाल. कानाचा चांगला डॉक्टर सुचवा.

रंकाळा_फेरी
तेल नको भावा! पडद्याला भोक असलं तर आत जातं. मी घातलंय, आठ दिवस कान वाहत होता. काडीनं कोरूही नका, मळ आणखी आत ढकलला जातो.

कानसेन
याला कर्णनाद म्हणतात (नाद खुळा नव्हे, हा खुळं करणारा नाद). वडिलांमुळं यात बरंच फिरलोय. आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी मोठ्या आवाजानं मेल्या की परत उगवत नाहीत. तिकडून येणारा आवाज कमी झाला की मेंदू स्वतःच आवाज तयार करतो, असं मानतात. कधी कारण साधं असतं, मळाचा बोळा किंवा ॲस्पिरिनचा मोठा डोस. म्हणून आधी कानाच्या डॉक्टरकडून तपासणी, मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची चाचणी. सीपीआरला (आपला सरकारी दवाखाना) कान-नाक-घशाची ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा.

थांबू नये अशा गोष्टी: एकाच कानात आवाज, नाडीसारखे ठोके, चक्कर. आणि अचानक ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी दाखवा, स्टेरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच होतो.

शिट्टी बंद करणारी गोळी मात्र नाही. कुणी पाच हजारांचा कोर्स गळ्यात मारायला लागला तर उठून या.

गंगावेशची_काकू
माझ्या सासूबाईंना ऐकायचं मशीन लावल्यावर निम्मा त्रास गेला. बाहेरचं ऐकू यायला लागलं, आतलं मागं पडलं. रात्री बारीक आवाजात रेडिओ लावून झोपतात, पूर्ण शांतता नको.

प्रेसवाला
जाऊन आलो. उजव्या कानातनं मळ निघाला, चिंचोक्याएवढा! तरी शिट्टी आहेच. ऑडिओग्रामची (त्या चाचणीच्या आलेखाची) रेघ ४००० हर्ट्झला खड्ड्यात गेल्यासारखी खाली उतरलीय, दोन्ही कानांत. डॉक्टर म्हणाले, हे प्रेसचं काम, डॉल्बीनं वर फोडणी दिली. ऐकायचं मशीन सध्या नको, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. तोवर कामावर कान झाकणारं इअरमफ, कारण ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास कानाला झेपत नाहीत. शॉपमधली पोरं हसली. एकानं जेवणाच्या सुट्टीत हळूच विचारलं, "दादा, कितीला मिळालं ओ?"

रंकाळा_फेरी
मग कितीला?

प्रेसवाला
सातशे. आई तेलाची वाटी घेऊन अजून मागं आहेच.