मिखन्यूफ आणि वळिवडे: एक शंका

कृष्णाकाठ (पलूस):
नमस्कार. १२ जुलैला पोलंडमध्ये युद्धकाळातील खेड्यांच्या बलिदानाचे स्मरण करतात. त्या दिवशी आमच्या वाचनालयात मला मिखन्यूफ या गावाविषयी बोलायचे आहे. ‘कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीतले पोलिश लोक अशाच जळालेल्या गावांतून आले होते,’ असे मी टिपणात लिहिले आहे. ते बरोबर आहे का? गाव नेमके कशामुळे जाळले?

मिरजकर वाचक:
ते वाक्य कृपया बदलावे. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर दोन आक्रमणे झाली. १ तारखेला जर्मनीचे, १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजांचे. वळिवड्याला १९४३ पासून राहिलेली सुमारे पाच हजार माणसे, ज्यांत बायका-मुलेच अधिक होती, ती मुख्यतः त्या पूर्व भागातली. त्यांना सोव्हिएत सत्तेने १९४० पासून मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेले होते आणि १९४१ च्या पोलंड-सोव्हिएत करारानंतर सुटका झाल्यावर ती इराणमार्गे इकडे पोहोचली. मिखन्यूफ मात्र जर्मनांच्या ताब्यातल्या मध्य पोलंडमधले गाव आहे. तिथे सामूहिक हद्दपारी नव्हे, हत्याकांड झाले आणि गाव जाळले.

कराडहून:
कारणाविषयी लिहितो. गाव जंगलाच्या कडेला, त्यामुळे जर्मनांशी लढणाऱ्या यान पिव्निक यांच्या भूमिगत पोलिश तुकडीला तिथून आसरा आणि भाकरी मिळत असे. १२ जुलै १९४३ रोजी जर्मनांनी गाव वेढले आणि पुरुषांना धान्याच्या कोठारांत कोंडून कोठारे पेटवली. त्याच रात्री भूमिगतांनी सूड म्हणून जर्मनांच्या रेल्वेगाडीवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी जर्मन परतले तेव्हा मागे उरली होती ती मुख्यतः बायका आणि मुले. दोन दिवसांत किमान २०४ माणसे मारली गेली, त्यांत ४८ मुले. सर्वांत लहान बाळ नऊ दिवसांचे होते. आपल्याकडे त्याचे बारसेही व्हायचे राहिले असते. हे वाचल्यावर मला बराच वेळ पुढचे पान उलटता आले नाही.

श्रोत्यांना शेणोलीची आठवण नक्की होईल, कारण प्रतिसरकारच्या तुफान सेनेने तिथे पगाराची रेल्वेगाडी अडवली तीही १९४३ मध्येच, महिनाभर आधी जूनमध्ये. तो उल्लेख जरूर करा, पण तुलना रेल्वेपुरतीच ठेवा. शेणोलीला असा अंत सोसावा लागला नाही.

कृष्णाकाठ (पलूस):
दोघांचेही मनापासून आभार. ते वाक्य आत्ताच खोडले. पोलंडचा नकाशा फळ्यावर काढून १९३९ ची विभाजनरेषा आधी दाखवीन आणि मगच मिखन्यूफकडे वळेन. वळिवड्याविषयी पुन्हा कधीतरी स्वतंत्रपणे बोलेन.