स्नायपरला पट्टा कुठला घ्यावा? (सोलापूर)

मंडळी, मदत हवी आहे. माझी एअरसॉफ्टची (प्लास्टिकच्या छर्‍यांच्या नकली बंदुकांचा खेळ) बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर छर्‍याला हाताने खटका ओढायची, स्नायपर रायफल दुर्बिणीसकट तीन किलोच्या आसपास भरते. आधी एका टोकाला अडकवायचा पट्टा लावला, तर पळताना नळी गुडघ्यावर आपटायची. तो छोट्या बंदुकीलाच ठीक, हे निळे पडलेले गुडघे बघून कळलं! आता दोन टोकांचा घ्यायचा आहे, पाठीवर टाकून माळरानावर सरपटता येईल असा. पट्टा अडकवायच्या कड्या दस्त्याच्या खालीच आहेत, त्यामुळे पाठीवर रायफल उलटते. बाजूला कडी बसवावी का? आणि पट्टी किती रुंद? सोलापूरच्या उन्हात जाड पॅडखाली घाम नुसता निथळतो हो. चाटी गल्लीत साधी नायलॉनची नवार (विणलेली पट्टी) घेऊन शिवून घेतली तर टिकेल का? वापरलेल्यांनीच सांगा.