वेदना, जीन्स आणि मशीन लर्निंग: मॉडेल इतकं भारी कसं काय येतंय?

शंकेखोर
नमस्कार मंडळी. वेदना सहन करण्याची ताकद किती जीन्समुळे ठरते यावर प्रोजेक्ट चालू आहे. २०० च्या आसपास निरोगी लोकांचा डेटा मिळालाय, प्रत्येकाने बर्फाच्या पाण्यात हात किती सेकंद ठेवला ती वेळ आणि सोबत जवळपास ५ लाख एसएनपी (डीएनएमधल्या ज्या जागी माणसामाणसांत एका अक्षराचा फरक असतो त्या जागा). त्यातून वेळेशी सगळ्यात जास्त जुळणारे १०० एसएनपी काढले, लोकांचे 'जास्त संवेदनशील' आणि 'कमी संवेदनशील' असे दोन गट केले आणि रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांच्या मतांवरून अंदाज देणारं मॉडेल) लावलं. क्रॉस व्हॅलिडेशनमध्ये (लोकांचे भाग, म्हणजे फोल्ड, पाडून आळीपाळीने एक भाग टेस्टला ठेवायचा आणि बाकीच्यांवर मॉडेल शिकवायचं) अचूकता ९० टक्क्यांच्या वर येतेय. गाईड खूश आहेत पण मला काही पचत नाहीये, वेदनेवरच्या पेपरांत सारखी दिसणारी सीओएमटी, ओपीआरएम१ ही जीन्स तर यादीत कुठेच नाहीत. कुठे पाणी मुरतंय?

विदाप्रेमी
ते १०० एसएनपी सगळ्या लोकांचा डेटा एकत्र घेऊन आधीच निवडलेत ना? मग घोळ तिथेच आहे. ५ लाखांतून नुसत्या योगायोगाने जुळणारे १०० कधीही सापडतात, आणि ते निवडताना टेस्टसाठी बाजूला ठेवायच्या लोकांची उत्तरं आधीच वापरली गेलीयेत. निवड प्रत्येक फोल्डच्या आत, फक्त ट्रेनिंगच्या लोकांवर करा. खात्री करायची तर सगळ्यांच्या वेळा आपापसात अदलाबदल करून तुमची आत्ताची पद्धत जशीच्या तशी चालवा, अचूकता तरीही चढीच आली तर त्या ९० टक्क्यांवर विश्वास ठेवता येणार नाही. आणि एकाच कुटुंबातले लोक असतील तर ते एकाच फोल्डमध्ये ठेवा, त्यांची जीन्स मिळतीजुळती असतात.

मज्जातंतू
मला त्या सेकंदांचीच जास्त काळजी वाटते. बर्फाच्या पाण्याच्या या टेस्टला वेळेची मर्यादा असते, मर्यादा संपली म्हणून ज्यांनी हात काढला त्यांची खरी सहनशक्ती कळलेलीच नसते, ते अजून किती थांबले असते कोण सांगणार, त्यामुळे तिथे सर्व्हायव्हल मॉडेल (अशा अर्धवट कळलेल्या वेळाही हिशोबात घेणारं) लावा आणि दोन गट करणं सोडा, त्यात बरीच माहिती वाया जाते. पाणी पंपाने फिरतं ठेवलं होतं का तेही विचारा, स्थिर पाण्यात हाताभोवतीचा थर गरम होतो आणि माणूस उगाच दणकट वाटतो.

गुणसूत्र
सीओएमटी नाही दिसलं म्हणून घाबरू नका, जीन्समधल्या अशा सर्रास आढळणाऱ्या फरकांचा एकेकट्याचा परिणाम फार बारीक असतो, २०० लोकांत तो दिसेलच असं नाही. २००६ मध्ये पाकिस्तानातल्या काही कुटुंबांत एससीएन९ए हे जीन बंद पडल्याने वेदनाच होत नाही असं सापडलं, एकच जीन आणि परिणाम एवढा मोठा, तिथे मशीन लर्निंग लागलंच नाही. आपल्यासारख्यांत मात्र पुष्कळ जीन्सचा थोडा थोडा वाटा असतो. शिवाय वेदना ही एकच गोष्ट नाही, २००८ च्या जुळ्यांवरच्या अभ्यासात थंडीच्या वेदनेतला सुमारे ६० टक्के फरक आनुवंशिक निघाला आणि उष्णतेच्या वेदनेतला २६ टक्केच.

शंकेखोर
मनापासून धन्यवाद! मर्यादा गाठलेले बरेच जण आहेत, आत्ताच बघितलं. पण एवढ्याशा लोकांत मग करावं तरी काय?

विदाप्रेमी
५ लाख सोडा, आधीच्या पेपरांत वेदनेशी संबंध दिसलेली मोजकी जीन्स घ्या. आधी फक्त वय आणि लिंग घालून साधं मॉडेल बनवा, मग जीन्स घाला आणि अंदाज किती सुधारला तेवढंच लिहा. सुधारला नाही तर तसंच लिहा, गाईडना अदलाबदलीचा निकाल समोर ठेवून दाखवा, पटेल त्यांना.