रिफॉर्म स्कूलला मराठीत काय म्हणायचं?

अनघा_पुणे: मदत हवीये. आमचा छोटा फिल्म क्लब आहे, मराठी सबटायटल्स आम्हीच करतो. या वेळी १९३३चा 'द मेयर ऑफ हेल', जेम्स कॅग्नीचा. रस्त्यावरच्या पोरांना जज रिफॉर्म स्कूलमध्ये धाडतो, तिथला सुपरिंटेंडंट एकदम जुलमी, आणि मग कॅग्नी येतो, त्याला राजकारणातल्या कामाचं बक्षीस म्हणून खात्यात पद मिळालेलं असतं, तो पोरांनाच कारभार चालवायला देतो, त्यांचाच मेयर, त्यांचेच पोलीस. मी सगळीकडे 'सुधारगृह' लिहिलं. काल सासरे म्हणाले (मराठीचे शिक्षक होते) की सुधार हा हिंदी शब्द, 'सुधारणागृह' लिही. मी तर लहानपणापासून बालसुधारगृहच ऐकलंय. काय ठेवू?

जुना_प्रूफरीडर: सासऱ्यांचं बरोबर आहे. प्रकृतीत सुधारणा होते, कायद्यात सुधारणा होते. 'प्रकृतीत सुधार' हे मी प्रुफात आयुष्यभर खोडत आलो, आता पेपरात सर्रास छापून येतं, वाचवत नाही.

वऱ्हाडी: काका मग आमच्या नागपूर सुधार प्रन्यासचं काय करायचं? आणि आगरकरांनी १८८८ला पत्र काढलं त्याचं नाव 'सुधारक'च होतं ना, त्यात णा कुठाय?

जुना_प्रूफरीडर: सुधारक म्हणजे सुधारणारा, ती घडण वेगळी. आणि नागपूर तेव्हा मध्य प्रांतात, हिंदीच्या शेजारात. तिथून आलेला शब्द पुरावा म्हणून नको.

वऱ्हाडी: म्हणजे आमची मराठी कमी मराठी? हे बरं आहे, पुण्यात बोलतात ती भाषा आणि आम्ही बोलतो तो शेजार.

माहीमकर: एवढा काथ्याकूट कशाला, सरळ 'रिमांड होम' लिहा की. आमच्या चाळीत एकही आई सुधारगृह म्हणाली नसेल, 'रिमांड होमात टाकीन' नाहीतर नुसतं 'डोंगरीला धाडीन' (मुंबईतलं रिमांड होम तिथलंच), तेवढ्यावर पोरगं गप्प. बाबा ओरडले तर अजूनही म्हणतोच ना, आज माझी रिमांड घेतली.

वकीलताई: माहीमकर, बोलायला ठीक, पण इथे चूक होईल. रिमांड म्हणजे चौकशी चालू असताना ताब्यात ठेवणं, निकालाच्या आधीचं. सिनेमात जजने पोरांना पाठवलंय, म्हणजे निकालानंतरचं. आजच्या कायद्यात आधीचं ते निरीक्षणगृह, नंतरचं ते विशेष गृह. आणि अनघा, 'बालगुन्हेगार' कुठे लिहिलं असशील तर तेही बघ, आता 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात.

अनघा_पुणे: ताई, तो शब्द वाचून होईपर्यंत शॉट बदलतो. शिवाय १९३३च्या तोंडी २०००नंतरची भाषा कशी घालू?

वकीलताई: ते पटतंय. पण बालगुन्हेगार हा शिक्का पुसायला किती वर्षं गेलीत, तोच सबटायटलमध्ये परत दिसला तर मला त्रास होईल, खरंच सांगते.

रविवारचा_मास्तर: मी दोन वर्षं दर रविवारी एका निरीक्षणगृहात चित्रकला शिकवायला जायचो. तिथे एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा घरी पत्र लिहीत होता. पत्त्यापाशी अडला. म्हणाला, सर, वर काय लिहू? मी म्हटलं, पाटीवर आहे तेच. तर म्हणतो, नको, पोस्टमन आमच्याकडे वस्तीत मोठ्याने वाचतो. मग त्याने पेन्सिलीने 'शाळा' लिहिलं आणि पुढे गावाचं नाव. दोनदा गिरवलं ते शाळा. तुम्ही सगळे 'गृह'च्या आधी काय लावायचं ते शोधताय, पण मूळ शब्दात स्कूल आहे. आपल्याकडचा १८९७चा कायदासुद्धा रिफॉर्मेटरी स्कूल्सचा, मुंबई इलाख्याचा १९२९चा बोर्स्टल स्कूल्सचा, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या किशोरांच्या शाळांचा. शाळा हा शब्द मराठीत येताना कुठे गळला?

माहीमकर: आमच्या माहीमला डेव्हिड ससून आहे, अशाच पोरांसाठीचं, १८५७ सालचं, त्याच्याही नावात इंडस्ट्रियल स्कूल. हे डोक्यातच आलं नव्हतं.

वऱ्हाडी: नाशिकच्या बोर्स्टलला सरकारी मराठीत 'किशोर सुधारालय' म्हणतात. बघा काका, सुधार! आणि नाशिक काही मध्य प्रांतात नव्हतं.

जुना_प्रूफरीडर: सरकारी पाटी हा व्याकरणाचा दाखला नव्हे. मास्तरांचं मात्र मनाला लागलं. 'सुधारशाळा' म्हणायला माझी ना नाही.

वऱ्हाडी: सुधारशाळा चालते आणि सुधारगृह चालत नाही, हे कसं?

स्नेहल: मध्येच विचारते, नावाचं काय केलं? 'नरकाचा महापौर'? महापौर सावरकरांचा शब्द, १९३३च्या सिनेमाला शोभेल.

माहीमकर: पन्नासेक पोरांना महापौर कशाला, 'नगराध्यक्ष' करा.

वकीलताई: नगराध्यक्ष नगरपालिकेचा. पोरं मोठ्या शहरातली आहेत, त्यांच्या डोळ्यापुढे शहराचाच मेयर असणार.

अनघा_पुणे: नावाचं नंतर बघू, शनिवारी शो आहे. अजून एक अडलंय. स्किनी नावाचा आजारी पोरगा आहे, त्याला एकट्याला कोंडतात आणि तो मरतो, तिथून पोरं पेटतात. त्या खोलीला 'अंधारकोठडी' लिहिलं तर किल्ल्यातली वाटते, 'अंडा सेल' तर आजचा तुरुंग.

रविवारचा_मास्तर: नुसतं 'कोठडी'. पोरं ओरडतात तेव्हा लांब शब्द नको.

जुना_प्रूफरीडर: कोठडी ठीक. पण ते 'प्रन्यास' मला अजून खटकतंय. न्यास असताना प्र कशाला लागला? वऱ्हाडी, तुमच्याकडे बोलताना कोणी म्हणतं का?

वऱ्हाडी: बोलताना सगळे 'एनआयटी'च म्हणतात काका, नागपूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट.