मदत हवी आहे: महाविद्यालय सोडले तर माझे नक्की काय बुडेल?

कोयनाकाठ
शुक्रवारी शुल्क भरण्याची मुदत संपते, त्यामुळे स्पष्ट उत्तर हवे आहे. वर्गात गाईडमधला मजकूर उतरवून घ्यायचा, हजेरीसाठी दिवस घालवायचा आणि राज्यसेवेचा अभ्यास रात्री पेंगत करायचा, असे चालले आहे. त्यापेक्षा पुण्यात क्लास का लावू नये? शिक्षणाने माणूस घडतो, हे दहावीच्या निरोप समारंभात ऐकून झाले आहे.

जुना हेडक्लार्क
कोणती शाखा, कोणते वर्ष, हे लिहिलेच नाही. राज्यसेवेला पदवी लागते. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला पूर्व परीक्षेला बसता येते, तेव्हा वर्ष कळल्याशिवाय काय सांगणार?

कोयनाकाठ
कला शाखा, दुसरे वर्ष संपले. दोन वर्षांनंतर पदविका मिळते आणि ती पुरते, असे मैत्रीण म्हणते.

जुना हेडक्लार्क
पुरत नाही. पदविका म्हणजे पदवी नव्हे. नव्या शैक्षणिक धोरणात मधूनच बाहेर पडण्याची सोय असली, तरी पदवीसाठी तिसरे वर्ष पूर्ण करावेच लागते.

रात्रपाळी
मग नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करा. मी कारखान्यात पाळ्या करत तेच केले आणि वर्गात न बसल्याने माझे काहीही अडले नाही.

सुगरण
मुलींना शुल्कमाफी आहे ना? 2024 पासून शासनच भरते.

जुना हेडक्लार्क
ती माफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे. शिवाय शुल्क परवडत नाही, असे त्या म्हणाल्याच नाहीत.

फळा आणि खडू
रात्रपाळी, तुमची जिद्द मान्य आहे, परंतु तुम्हाला पदवी हवी होती आणि यांना परीक्षा द्यायची आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक, म्हणजे सविस्तर उत्तरे लिहिण्याची झाली आहे. आपला मुद्दा कोठे घसरला, हे समोर बसून दाखवणारा माणूस मिळावा, एवढ्यासाठी तरी महाविद्यालय असते; तीस वर्षे शिकवल्यानंतर मला तरी त्याचा दुसरा मोठा उपयोग सापडलेला नाही.

रात्रपाळी
सर, गाईड उतरवून देणारे काय दाखवणार? आपण आपल्या काळातील महाविद्यालयाचे सांगत आहात.

कोयनाकाठ
मी दोनदा निबंध लिहून दिले होते आणि दोन्ही वेळा ते न वाचता, सही होऊन परत आले. कोणीतरी चूक दाखवावी, मला खरे तर हेच हवे होते, पण ते मागायचे असते हे माहीत नव्हते. इतिहासाच्या एका मॅडमनी मात्र ग्रंथालयात माझी वही सहज चाळली आणि एका परिच्छेदावर अर्धा तास वाद घातला. त्या दिवशी माझी एसटी चुकली.

फळा आणि खडू
त्या मॅडम तिसऱ्या वर्षाला शिकवतात का, हे आधी सांगा.

कोयनाकाठ
वेळापत्रक अजून लागलेले नाही. उद्या जाऊन त्यांनाच विचारते.